युबारीचा मेयर ते होक्काइडोचा गव्हर्नर: सुझुकी नाओमिचीचं प्रकरण

जपानमध्ये एखादं शहर आर्थिकदृष्ट्या बुडतं तेव्हा नक्की काय होतं, हे बघायचं असेल तर युबारी बघावं लागतं. आणि युबारी बघायला घेतलं की सुझुकी नाओमिची आपोआप समोर येतो, कारण आज होक्काइडोचा, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या मोठ्या बेटाचा आणि प्रांताचा, गव्हर्नर असलेला हा माणूस राजकारणात आला तोच या बुडालेल्या गावामुळे. त्याच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे गरीब घरातला तरुण, पगार कापून घेतला, गाव सावरलं. दुसरं म्हणजे गावातल्या वस्तू एकेक सोडून दिल्या आणि स्वतः वर निघून गेला. मला दोन्ही अपुरी वाटतात. माझं मत आधीच सांगतो. त्याची पद्धत एकच आहे, जे जाणारच आहे ते समोरच्याने काढून घ्यायच्या आधी आपणच सोडायची तयारी दाखवायची आणि बदल्यात जेवढं मिळेल तेवढं पदरात पाडून घ्यायचं. छोट्या गावात ही पद्धत खरंच चालली. पण तिचे हप्ते वीस-वीस वर्षांचे असतात आणि मेयर आठ वर्षांत निघून जातो, खरा प्रश्न तिथे आहे.

सिस्टीमबद्दल थोडं, नाहीतर पुढचं नीट लागणार नाही. आपल्याकडे महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभार आयुक्तांच्या हातात असतो. जपानमध्ये मेयर थेट जनतेने निवडलेला असतो, बजेट तो मांडतो, स्टाफ त्याच्या हाताखाली. गव्हर्नरही थेट निवडून येतो, म्हणजे आपल्या राज्यपालांसारखं नाही, काम बघितलं तर मुख्यमंत्र्यांच्या जवळ जाणारं. त्यामुळे तिथे स्थानिक नेत्याने ठरवलं तर बरंच काही करता येतं आणि चुकलं तर ढकलायला दुसरं कोणी नसतं. हो, आणि पुढे येनचे आकडे येतील तेव्हा १ येन म्हणजे साधारण पन्नास-साठ पैसे धरून वाचा.

आता युबारी. सापोरोच्या पूर्वेला डोंगरातल्या दरीत पसरलेलं कोळशाचं शहर. १९६० मध्ये इथे १ लाख १६ हजारांवर लोक राहत होते आणि भरभराटीच्या काळात दोन डझन खाणी चालू होत्या. कंपनीच्या चाळी, कंपनीचं हॉस्पिटल, पाणीसुद्धा कंपनीचं. मग जपानने ऊर्जेसाठी कोळसा सोडून तेल धरलं, त्यात परदेशी कोळसा स्वस्त, आणि खाणी एकामागून एक बंद पडायला लागल्या. १६ ऑक्टोबर १९८१ ला नव्या खाणीत गॅस फुटला आणि ९३ माणसं मेली. आत आग पेटलेली, ती विझवायला खाणीत पाणी सोडायचं ठरलं, आणि ते सोडलं तेव्हा ५९ कामगार अजून आतच होते. घरच्यांकडून त्यासाठी संमती घेतली गेली होती. हे वाचल्यावर पुढचे सगळे आर्थिक आकडे मला वेगळे दिसायला लागतात, कारण ज्या गावाने हे सोसलं त्याच गावाला पंचवीस वर्षांनी सांगितलं गेलं की तुम्ही उधळपट्टी केली, आता भोगा.

शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. कंपन्या गेल्या पण जाताना घरं, हॉस्पिटल, पाणीपुरवठा असलं सगळं शहराच्या गळ्यात टाकून गेल्या. शहराचाच हिशोब आहे की खाणी बंद झाल्यानंतरची ही निस्तरानिस्तरी करायला जवळपास ५८३० कोटी येन गेले आणि त्यातला मोठा भाग कर्ज काढून उभा केला होता. म्हणजे कर्जाची सुरुवात चैनीतून झाली नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

चैनीचा भाग नंतर आला, तोही खोटा नाही. नाकाता तेत्सुजी १९७९ ते २००३ असे सलग २४ वर्षं मेयर होते. त्यांची घोषणा होती कोळशाकडून पर्यटनाकडे. मग कोळशाच्या इतिहासाचं थीम पार्क, स्की रिसॉर्ट, हॉटेलं, १९९० पासून आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवल. त्या काळात सगळा जपान रिसॉर्टच्या नादात होता आणि केंद्राचंही प्रोत्साहन होतं, तेव्हा युबारीचं कौतुकच व्हायचं. पण लोक यायचे कमी आणि खर्च मात्र चालूच. त्यात कोळसापट्ट्यासाठीचा खास कायदा २००१ मध्ये संपला आणि त्यातून येणारी मदत आटली.

मग सुरू झाला हिशोबाचा खेळ. जपानचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच मार्चअखेर संपतं, पण सरकारी वह्या मेअखेरपर्यंत उघड्या असतात, म्हणजे आधीच्या वर्षाची येणी-देणी त्या दोन महिन्यांत मिटवता येतात. युबारी काय करायची, एप्रिल-मेमध्ये नव्या वर्षाच्या खात्यातून पैसे उचलून जुन्या वर्षाचा खड्डा बुजवायची, आणि ते परत करायला बँकांकडून थोड्या मुदतीचं लोन. पुढच्या वर्षी परत तेच, आणखी मोठ्या रकमेचं. कागदावर दरवर्षी बजेट जुळलेलं. २००६ मध्ये हे फुटलं तेव्हा नुसती अशी तात्पुरती कर्जं २९०० कोटी येनच्या वर होती आणि सगळी देणी मिळून ६३०० कोटींच्या वर. मार्च २००७ मध्ये शहर अधिकृतपणे सरकारच्या आर्थिक देखरेखीखाली गेलं. १८ वर्षांत ३५३० कोटी येन फेडायचे असं ठरलं, आणि शहराचं वर्षाचं नियमित उत्पन्न होतं साधारण ४५० कोटी. म्हणजे जवळपास आठ वर्षांच्या उत्पन्नाएवढा खड्डा.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण दिवाळखोरी म्हणतो तेव्हा कर्ज देणाऱ्याचंही थोडं बुडतं, निदान तडजोड तरी होते. जपानमध्ये नगरपालिकेला तशी सोयच नाही. एकाही बँकेचा एक येनही बुडाला नाही. आधी होक्काइडो सरकारच्या पैशातून आणि मग २०१० मध्ये सुमारे ३२२० कोटींचे खास रोखे काढून सगळी देणी एकत्र केली आणि परतफेड पूर्णपणे गावावर. ज्या बँकांनी वर्षानुवर्षं हे लोन रिन्यू करत नेलं त्यांना काही झळ नाही, आणि जी म्हातारी माणसं कुठे जाऊ शकत नव्हती म्हणून राहिली त्यांनी भरायचं. टॅक्स वाढले, सांडपाण्याचा दर १० घनमीटरला १४७० येनवरून २४४० येन झाला, कचरा उचलायलाही पैसे. शाळा एकत्र करून शेवटी एक प्राथमिक आणि एक माध्यमिक एवढंच उरलं. १७१ बेडचं हॉस्पिटल १९ बेडचं क्लिनिक झालं. लायब्ररी बंद, सार्वजनिक संडाससुद्धा बंद केले. स्टाफचे पगार कापले, तर मार्च २००७ अखेर निम्मे कर्मचारी एकदम सोडून गेले. सगळी व्यवस्थाच अशी की जो राहील तो भरेल, आणि तरुण माणूस राहीलच कशाला.

या गावात जानेवारी २००८ मध्ये टोकियो सरकारने मदतीला दोन कर्मचारी पाठवले, त्यातला एक २६ वर्षांचा सुझुकी. ही कल्पना टोकियोचे तेव्हाचे उपगव्हर्नर इनोसे नाओकी यांची. सुझुकीचं बॅकग्राउंड थोडक्यात असं: १९८१ चा जन्म, टोकियोशेजारच्या सैतामामधला, शाळेत असताना आईवडील वेगळे झाले, आईने वाढवलं, पैशांची ओढाताण, म्हणून कॉलेजचा विचार सोडून १९९९ मध्ये टोकियो सरकारच्या नोकरीत लागला आणि नोकरी करत होसेइ विद्यापीठातून रात्रीच्या वर्गांत कायद्याची डिग्री घेतली. प्रचारात हे सगळं खूप वापरलं जातं पण खरं आहे, आणि होसेइचं नातं त्याला पुढे कामी आलं तेही सांगेनच.

युबारीत त्याला काउंटरवरचं काम मिळालं. संध्याकाळी ५ नंतर ऑफिसचं हीटिंग बंद, होक्काइडोच्या थंडीत कर्मचारी स्कीचे कपडे घालून ओव्हरटाइम करायचे, असं त्याने नंतर बऱ्याचदा सांगितलंय. एक वर्षाची बदली होती, त्याने मुदत वाढवून मागितली आणि मार्च २०१० पर्यंत राहिला. त्या काळातलं त्याचं सगळ्यात चांगलं काम माझ्या मते गावकऱ्यांबरोबर केलेला सर्व्हे. परतफेडीचा प्लॅन वर बसून ठरला होता, त्यात इथे राहणाऱ्यांना काय हवंय हे कोणी विचारलंच नव्हतं. घरोघरी जाऊन उत्तरं गोळा केली आणि तो अहवाल थेट केंद्राच्या मंत्र्यांपर्यंत पोचवला. नोकरशाहीत वाढलेला माणूस असल्यामुळे त्याला माहीत होतं की तक्रार सगळेच करतात, पण हातात कागद असला की वरच्याला उत्तर द्यावं लागतं.

टोकियोला परत गेल्यावर युबारीतल्या काही लोकांनी मेयरकीला उभा राहा म्हणून गळ घातली. त्याने सरकारी नोकरी सोडली, आणि ही गोष्ट जपानमध्ये किती मोठी आहे हे सांगायला नको, आयुष्यभराची पक्की नोकरी. एप्रिल २०११ मध्ये त्याने माजी खासदार असलेल्या उमेदवाराला हरवलं. वय ३०, तेव्हाचा जपानमधला सगळ्यात तरुण मेयर. पगार ७० टक्के कापलेला, महिना २ लाख ५९ हजार येन, म्हणजे टोकियोत साधा कर्मचारी होता तेव्हापेक्षाही कमी.

पगाराच्या गोष्टीवर मीडिया फार रमली. मला त्यापेक्षा मेयर असूनही त्याचे हात किती बांधलेले होते ते जास्त महत्त्वाचं वाटतं. परतफेडीच्या प्लॅनमध्ये बदल करायचा असेल तर केंद्रीय मंत्र्यांची संमती लागते. म्हणजे लोकांनी निवडून दिलेला मेयर, पण बजेटचा मालक कोणी दुसराच. त्यामुळे त्याची पहिली काही वर्षं केंद्र, होक्काइडो आणि युबारी या तिघांना एका टेबलावर बसवण्यातच गेली.

गावातलं काम म्हणजे मुख्यतः वस्ती आवरणं. युबारीचं क्षेत्रफळ ७६३ चौरस किलोमीटर, टोकियो शहराच्या २३ वॉर्डांपेक्षाही जास्त, आणि त्यात २०१० च्या जनगणनेला १० हजार ९२२ माणसं, तीही खाणींच्या जुन्या वस्त्यांमध्ये विखुरलेली. चार घरांच्या रांगेत एक म्हातारी राहतेय आणि तिच्यासाठी बर्फ उपसायचा, पाइप गोठू द्यायचे नाहीत, रस्ता चालू ठेवायचा. खाणीतल्या घरांमुळे शहराच्या मालकीची घरंही हजारोंनी. यावर एकदम सगळ्यांना उचलून मध्यभागी आणायचं असं न करता आधी त्याच वस्तीत दोन-चार इमारतींत लोकांना एकत्र करायचं, मायाची नावाच्या वस्तीत हे आधी केलं. शेजारी तेच राहतात, दुकान तेच, फक्त जिना बदलतो. आणि लांबच्या मुदतीत शिमिझुसावा हा भाग शहराचं केंद्र करायचा. म्हाताऱ्या माणसाला घर सोडायला सांगणं किती अवघड असतं हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे, आणि इथे मीटिंगवर मीटिंग घेऊन हे केलं गेलं, याचं श्रेय द्यायलाच हवं.

दुसरं मोठं काम म्हणजे २०१७ मध्ये प्लॅनच बदलून घेतला. नुसतं कापाकापी करत राहिलो तर कर्ज फिटेल पण फेडणारे शिल्लक राहणार नाहीत, हे बाहेरच्या तज्ज्ञांच्या कमिटीकडून लिहून घेतलं आणि त्या आधारावर केंद्राकडून नवीन खर्चाची परवानगी मिळवली, लहान मुलांसाठीच्या सोयी, घरं, शिमिझुसावाचं केंद्र. वर निटोरी या फर्निचर कंपनीकडून ५० कोटी येनची देणगी. दहा वर्षं ज्या गावात काही बांधलंच नव्हतं तिथे हे झालं.

आता रेल्वे, या प्रकरणाचा गाभा माझ्या दृष्टीने हाच.

युबारीला येणारी रेल्वे शाखा १६.१ किलोमीटरची, १८९२ मध्ये कोळसा न्यायला बांधलेली. शेवटी दिवसात पाच जाणाऱ्या-पाच येणाऱ्या गाड्या आणि प्रवासी अगदी मूठभर. २०१६ मध्ये जेआर होक्काइडो, म्हणजे तिथली रेल्वे चालवणारी कंपनी, अडचणीत आली आणि स्पष्ट झालं की कंपनी एकटीला परवडत नाहीत अशा मार्गांची यादी काढणार आहे. आता अशा वेळी नेहमी काय होतं, गावं समिती काढतात, मोर्चा, सह्या, लाइन वाचवा, वर्षानुवर्षं बैठका आणि शेवटी लाइन जातेच. सुझुकीने ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे यादी यायच्याही आधी, स्वतः कंपनीकडे जाऊन सांगितलं की आमची शाखा बंद करा, आम्ही विरोध करणार नाही, पण अटी आहेत. गावातली नवी वाहतूक उभी करायला मदत करा, तुमच्या जागा द्या, माणूस पाठवा. कंपनीला पहिला होकार हवाच होता, त्यामुळे त्या होकाराची किंमत तेव्हा सगळ्यात जास्त होती. दुसऱ्या-तिसऱ्या गावाला ती मिळाली नसती.

२०१८ मध्ये करार झाला. ७५ कोटी येन, वीस वर्षं बस चालवण्यासाठी, शिवाय शिमिझुसावाच्या केंद्रासाठी जमीन. बसच्या फेऱ्या रेल्वेच्या दुप्पट, दिवसाला दहा, आणि थांबे घरांच्या जवळ. स्टेशनपर्यंत बर्फातून चालू न शकणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाला बस खरंच जास्त उपयोगी. गावाच्या बाजूने बघितलं तर सौदा चांगला होता, माझं स्पष्ट मत.

पण गावाच्या बाहेरून बघा. होक्काइडोतल्या बाकी मार्गांवरच्या लोकांना हे पाठीत वार केल्यासारखं वाटलं आणि मी त्यांना दोष देत नाही. सगळ्यांनी मिळून केंद्राला विचारायला हवं होतं की १९८७ मध्ये सरकारी रेल्वेचे तुकडे करून कंपन्या काढताना होक्काइडोच्या कंपनीला नुकसान होणारच हे माहीत होतं, तर आता जबाबदारी कोणाची. त्याऐवजी एक गाव आधीच बाजूला झालं आणि कंपनीला नमुना मिळाला. युबारी नंतर शिंतोत्सुकावाकडचा भाग, मग हिदाका लाइनचा मोठा भाग, मग २०२४ मध्ये नेमुरो लाइनचा फुरानो ते शिंतोकू तुकडा, एकेक करून गेले. युबारीमुळेच गेले असं नाही म्हणत, २०१५ च्या लाटांनी आणि २०१६ च्या वादळांनी तुटलेले मार्गही त्यात आहेत. पण एकत्र उभं राहण्याची जी काही शक्यता होती ती तिथे कमी झाली.

शेवटची गाडी धावली ३१ मार्च २०१९ ला. गाव निरोप द्यायला जमलं होतं. तोपर्यंत सुझुकी मेयर नव्हता, फेब्रुवारीअखेर राजीनामा देऊन तो गव्हर्नरच्या इलेक्शनमध्ये उतरला होता आणि मतदान होतं ७ एप्रिलला.

त्या इलेक्शनआधी अजून एक गोष्ट, जी त्याच्या समर्थकांना अवघड जाते. २०१७ मध्ये शहराने स्की रिसॉर्ट, हॉटेलं अशा चार पर्यटन मालमत्ता चिनी भांडवलाच्या एका कंपनीला साधारण २४ कोटी येनला विकल्या. सांभाळायला शहराकडे पैसे नव्हते, इमारती जुन्या होत चाललेल्या, हे खरंच. पण दोन वर्षांत, २०१९ मध्ये, त्या कंपनीने सगळं हाँगकाँगच्या एका फंडाला विकलं आणि किंमत सांगितली जाते साधारण १५० कोटी. पुढे कोविड आला, चालवणारी कंपनी २०२० च्या शेवटाला कोलमडली आणि हिवाळ्यात स्की बंद, हॉटेल बंद, नोकऱ्या गेल्या. विकणं चूक नव्हतं असं मला वाटतं, पण किती वर्षं पुढे विकायचं नाही, चालवलंच पाहिजे, अशी घट्ट बांधणी करारात हवी होती. रेल्वे कंपनीशी एवढं ताणून बोलणारा माणूस इथे एवढा सैल का राहिला याचं समाधानकारक उत्तर मला त्याच्या बोलण्यात कुठे सापडलं नाही.

गव्हर्नरकीकडे येऊ. ताकाहाशी हारुमी चार टर्म करून बाहेर पडल्या होत्या. सत्ताधारी पक्षात स्थानिक पातळीवर सुझुकीबद्दल एकमत नव्हतं, पण केंद्रातले तेव्हाचे मुख्य कॅबिनेट सचिव (तिथे हे मंत्रिपद असतं) सुगा योशिहिदे त्याच्या मागे होते असं सगळीकडे छापून आलं, आणि सुगाही होसेइचेच, तेही साध्या घरातून वर आलेले. एप्रिल २०१९ च्या गव्हर्नर निवडणुकांमध्ये सत्ताधारी विरुद्ध एकजूट विरोधक अशी सरळ लढत फक्त होक्काइडोत झाली. विरोधकांचे इशिकावा तोमोहिरो. सुझुकीला १६ लाखांच्या वर मतं, इशिकावांना साडेनऊ लाखांच्या आसपास. ३८ व्या वर्षी देशातला सगळ्यात तरुण गव्हर्नर, दहा हजारांच्या गावातून ५० लाखांवर लोकांच्या आणि १७९ नगरपालिकांच्या प्रांतावर.

वर्ष व्हायच्या आत कोविड. इथे त्याने जे केलं त्यामुळे तो देशभर माहीत झाला. २६ फेब्रुवारी २०२० ला शाळा बंद करायची विनंती केली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी तीच गोष्ट देशभरासाठी सांगितली. २८ फेब्रुवारीला त्याने स्वतःच आणीबाणी जाहीर केली, शनिवार-रविवार घरात राहा म्हणून. तेव्हा यासाठी कायदाच नव्हता, केंद्राची आणीबाणी आली ७ एप्रिलला. जे करावंच लागणार ते आधी आपण करायचं आणि जबाबदारी घेतो म्हणायचं, रेल्वेवाला स्वभाव तोच, पण इथे तो सगळ्यांच्या उपयोगाला आला. लोकांना आवडलंही. पण कायद्याचा आधार नसताना नेत्याच्या शब्दावर लाखो लोकांनी घरात बसायचं, हे एकदा चाललं म्हणून चांगलं म्हणायला मी तयार नाही, आणि एप्रिलमध्ये दुसरी लाट आलीच.

त्यानंतरचा गव्हर्नर सुझुकी मात्र मेयर सुझुकीपेक्षा बराच सावध दिसतो. सापोरोपर्यंत बुलेट ट्रेन येणार म्हणून ओशामाम्बे ते ओतारु हा १४० किलोमीटरचा जुना मार्ग जेआरकडून सुटणार, त्याचं काय करायचं यावर २०२२ मध्ये बसचा निर्णय झाला. त्यातला योइची ते ओतारु हा तुकडा दिवसाला दोन हजारांवर प्रवाशांचा, युबारीच्या तुलनेत कितीतरी गजबजलेला. इथे युबारीचं गणित बसतच नाही, कारण एवढ्या लोकांना बसने न्यायला ड्रायव्हरच नाहीत. बुलेट ट्रेनचं कामही लांबून २०३८ च्या सुमारास गेलंय. युबारीत तो स्वतः जाऊन बोलला होता, इथे प्रांत नगरपालिकांमधल्या बोलण्यांचा अध्यक्ष असूनही पुढे होऊन भांडताना दिसला नाही, असं मला वाटतं. छोट्या गावाचा मेयर कंपनीकडे मागतो, पण गव्हर्नरला स्वतः पैसे टाकावे लागतात, आणि होक्काइडो प्रांताच्या डोक्यावरही कर्ज आहेच.

यापेक्षाही बोचणारा प्रश्न अणुकचऱ्याचा. २०२० मध्ये सुत्त्सु नावाच्या मासेमारीच्या गावाने आणि कामोएनाईने अणुकचरा जमिनीत खोल पुरण्यासाठीच्या पहिल्या, म्हणजे कागदपत्रांच्या तपासणीला होकार दिला. या टप्प्यासाठी केंद्राकडून गावाला २०० कोटी येनपर्यंत मिळतात. सुत्त्सुच्या मेयरचं म्हणणं काय होतं, लोकसंख्या घटतेय, पुढे पैसे नाहीत, तर आपणच पुढे होऊन मागावं. सुझुकीचं उत्तर, प्रांताचा २००० सालचा कायदा आहे, असला कचरा आम्हाला मान्य करणं कठीण, आणि पुढच्या टप्प्याला मी विरोध करीन. कायद्याच्या बाजूने तो बरोबर आहे असं मला वाटतं. पण सुत्त्सुचा मेयर जे करत होता ते युबारीच्या मेयरने शिकवलेलंच होतं, संकट यायच्या आधी स्वतः जाऊन किंमत ठरवून घ्या. गाव एकटं पडलं की ते काहीही विकायला काढतं, आणि हे गव्हर्नरच्या खुर्चीवरून थांबवायचं तर त्या गावाला दुसरा पर्याय द्यावा लागतो. नुसतं नाही म्हणून कसं चालेल.

२०२३ मध्ये तो पुन्हा मोठ्या फरकाने निवडून आला. चिटोसेला चिप बनवणारा रॅपिडसचा कारखाना येतोय आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे आहे असं दिसतं.

युबारीत त्याच्यानंतर आत्सुया त्सुकासा मेयर झाले, आधी नगर परिषदेत होते, गावातलेच. शिमिझुसावाचं केंद्र २०२० मध्ये उघडलं, लायब्ररी, हॉल, बसची वाट बघायची जागा, आणि लोक वापरतातही. मे २०१९ मध्ये युबारीच्या खरबुजांची एक जोडी लिलावात ५० लाख येनला गेली म्हणून जगभर बातमी झाली. पण २०२० च्या जनगणनेत माणसं उरली ७ हजार ३३४, निम्म्याहून जास्त ६५ च्या पुढची. ७५ कोटी येन वीस वर्षांत वाटले तर वर्षाला पावणेचार कोटी येतात, तेव्हा ते पुरतील असं वाटलं होतं, पण पैसे असून ड्रायव्हर मिळणार नाही हे कराराच्या वेळी कोणी धरलं नव्हतं. सप्टेंबर २०२३ अखेर युबारीहून सापोरोकडे जाणारी थेट बस बंद झाली, कारण तेच, चालवायला माणूस नाही. रेल्वे असती तर तीही कदाचित अडखळली असती, पण ज्यांनी बसवर विश्वास ठेवून रेल्वे सोडली त्यांनी आता कोणाकडे जायचं. करारावर सही करणारा माणूस सापोरोत आहे आणि त्याच्याच हातात आता प्रांताची वाहतूक आहे, त्यामुळे युबारीच्या लोकांनी त्याच्याकडेच मागावं आणि त्यानेही द्यावं असं मला वाटतं.

शहराच्या वेबसाइटवर कर्जाचं घड्याळ आहे, किती फेडलं आणि किती उरलं ते दाखवणारं. वर्षाला साधारण २६० कोटी येन असे हप्ते भरत भरत शेवटचा हप्ता मार्च २०२७ मध्ये जाणार असं वेळापत्रक आहे. गव्हर्नरची सध्याची टर्म संपते एप्रिल २०२७ मध्ये. म्हणजे प्रचार रंगात असेल तेव्हाच युबारी कर्जमुक्त झाल्याची बातमी येणार आणि उमेदवार कोणीही असो, तिचा वापर होणार. तेव्हा पत्रकारांनी बसचे पैसे २०३९ पर्यंतचे आहेत ते धरून पुढचा हिशोब मागावा, रिसॉर्टच्या विक्रीचा करार समोर ठेवून विचारावं, आणि कर्ज फिटल्यावर वर्षाला जे २६० कोटी मोकळे होतील त्यातले किती खरंच गावात राहतील आणि किती केंद्राची मदत कमी होऊन नाहीसे होतील, हे आकड्यात सांगायला लावावं.